लेकरासाठी थेरपी शोधताना: कोकणात राहून सुरुवात कुठून करायची आणि कोणाला काय विचारायचं

मूल उशिरा बोलतंय, उशिरा चाललं, आणि त्याच्या जोडीला ते कोणाच्या जवळच जात नाही किंवा उलट दिसेल त्याच्या कडेवर जाऊन बसतं, अशी दोन्हीकडची काळजी एकाच मुलाबद्दल असेल तर नक्की कोणाकडे जायचं हे कुडाळ-कणकवलीला काय नि रत्नागिरीला काय, पटकन कोणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणतात स्पीच थेरपी लावा, शाळा म्हणते हट्टी आहे, घरचे म्हणतात लाड जास्त झालेत. आमचा मुलगा अडीच वर्षांचा असताना दत्तक प्रक्रियेतून घरी आला, तेव्हापासून ह्या वाटेवर आम्ही बरंच फिरलोय, आणि आता तालुक्यातून कोणी ना कोणी, कधी आई, कधी बाबा, कधी नातवाला सांभाळणारी आजी, फोन करून विचारतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. अशा मुलासाठी थेरपिस्ट असा शोधा जो तुम्हाला खोलीत बसवतो. लांबचा, मोठ्या नावाचा, आणि मुलाला आत नेऊन दार लावून घेणारा असेल तर त्याच्यापेक्षा जवळचा, दर आठवड्याला भेटणारा आणि तुम्हाला शिकवणारा बरा. बाकी सगळं ह्याच्या भोवतीच फिरतं.

वाढ आणि माणसाशी जवळीक, दोन्ही गोष्टी एकत्र का बघायच्या

मूल पडलं, घाबरलं, ताप आला की एका ठराविक माणसाकडे धावतं आणि तिथे शांत होतं, ही सवय पहिल्या दोन-तीन वर्षांत बसते. ज्या मुलाला असं एक माणूस मिळालंच नाही, किंवा मिळून पुन्हा पुन्हा बदललं, त्याची ती सवय नीट बसत नाही. संस्थेत आया शिफ्टप्रमाणे बदलतात, कुठे आई खूप आजारी असते, कुठे बाळच महिनोन्महिने हॉस्पिटलात असतं, कुठे घरात मारहाण असते. आपल्याकडे आणखी एक प्रकार दिसतो, आईबाप मुंबईला, मूल आजीकडे गावी, मग शाळेसाठी अचानक मुंबईला, मग जमलं नाही म्हणून परत गावी. आजीने वाढवलं म्हणून मुलाचं काही बिघडत नाही हे मी ठासून सांगते, कितीतरी पोरं आजीच्या मायेवर अगदी छान वाढलीत. त्रास होतो तो माणसं सारखी बदलण्याचा आणि न सांगता बदलण्याचा.

आणि ह्याचा वाढीशी थेट संबंध आहे. रुमानियात बुखारेस्टला २००० च्या सुमारास एक अभ्यास सुरू झाला, अनाथालयातली १३६ लहान मुलं होती, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून खास तयार केलेल्या पालक कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ, बोलणं, माणसाशी जोडलं जाणं सगळंच तिथेच राहिलेल्या मुलांपेक्षा सुधारलं, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं जास्त सुधारलं. म्हणजे भाषा वेगळी नि माया वेगळी असं काही नसतं, मूल तुमच्या तोंडाकडे बघेल तेव्हाच शब्द उचलेल.

पण उलटी चूकही होते. मुलाला ऑटिझम असतो, म्हणजे बोलण्याची नि माणसांत मिसळण्याची मेंदूतली वाढच वेगळी असते, आणि सगळे म्हणत बसतात की आईने जवळ घेतलं नाही म्हणून असं झालं. हे साफ खोटं आहे. ऑटिझम पालकांच्या वागण्याने होत नाही, आणि ऑटिझम असलेली मुलंसुद्धा आपल्या माणसाला जीव लावतात, फक्त त्यांची दाखवायची पद्धत वेगळी असते. अटॅचमेंटचा, म्हणजे आपल्या माणसाशी जोडलं जाण्याचा, जो खरा आजार डॉक्टर लिहितात तो कमी मुलांत सापडतो आणि त्याला लहानपणीच्या गंभीर आबाळीचा इतिहास लागतोच. बाहेरून दोन्हीही सारखंच दिसू शकतं, डोळ्याला डोळा न देणं, हाक मारली तरी न वळणं, म्हणून हे घरी बसून किंवा मोबाईलवर बघून ठरवायचं नाही.

जायच्या आधी घरी करायची दोन कामं

एक म्हणजे एका पानावर मुलाची हकीगत. जन्म कुठे, वजन किती, काविळीसाठी पेटीत ठेवलं होतं का, झटके आले होते का, आणि मग त्याहून महत्त्वाचं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत मूल कोणाजवळ होतं. आई, आजी, संस्था, हॉस्पिटल, आत्या, जे असेल ते क्रमाने. हा भाग बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत, वेळ नसतो त्यांना, पण चांगला सायकॉलॉजिस्ट पहिल्यांदा हेच पान वाचतो. दत्तक मूल असेल तर संस्थेने दिलेला मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा रिपोर्ट ह्या दोन्हींची झेरॉक्स फाईलला लावा, आणि संस्थेला फोन करून विचारा की तिथे त्याला कोण जेवू घालायचं, रात्री कोण असायचं, कोणा एका ताईचा लळा होता का. कागदावर नसलेलं असं बरंच फोनवर कळतं. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी जो पाठपुरावा होतो तेव्हा सगळं छान चाललंय म्हणून मोकळे होऊ नका, जे अडतंय ते त्या सोशल वर्करला स्पष्ट सांगा, मुलाला नि कुटुंबाला समुपदेशनाची मदत देणं हा त्या कामाचाच भाग आहे.

दुसरं, मोबाईलवर छोटे छोटे व्हिडिओ. जेवताना, एकटं खेळताना, तुम्ही बाहेर जाताना आणि परत आल्यावर, आणि पडून रडत असेल तेव्हा ते काय करतं. मिनिट-दोन मिनिटांचे पुरे. परक्या खोलीत मूल वेगळंच वागतं, म्हणून हे व्हिडिओ दहा प्रश्नांपेक्षा उपयोगी पडतात. ते डॉक्टरला दाखवा आणि घरच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मात्र कध्धीच टाकू नका, मोठं झाल्यावर ते त्याचं आयुष्य आहे.

पहिलं दार: आपलं सरकारी हॉस्पिटल

लोक एकदम मुंबईची कोकणकन्या गाडी पकडतात. थांबा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, त्याची टीम गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. वाढीतला उशीर शोधणं हे त्यांचं ठरलेलंच काम आहे. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगून ठेवा की टीम येईल त्या दिवशी मला बोलवा, मूल नुसतं वजन करून घरी आलं असं होऊ देऊ नका. टीम यायला वेळ असेल तर तोवर थांबायचं कारण नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन सरळ जिल्हा रुग्णालयात जा, सिंधुदुर्गात ओरोस, रत्नागिरीत शहरातलं सिव्हिल, रायगडात अलिबाग. तिथे लवकर हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच, सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक असं सगळं एका छताखाली असावं अशी ती कल्पना आहे. कुठल्याही जिल्ह्यात सगळ्या जागा कायम भरलेल्या असतातच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून अमुक माणूस उद्या आहे का एवढं विचारूनच निघा. सावर्डे-चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल जवळ पडतं, बांदा-सावंतवाडीवाल्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज नि तिथलंच मानसोपचाराचं हॉस्पिटल, फक्त राज्याबाहेरच्यांना कशाची किती फी ते आधी विचारून घ्या. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या पाटीला घाबरून लोक आत जात नाहीत, पण ओपीडीत विचारायला काय हरकत आहे, मानसोपचारतज्ज्ञ तिथे बसतात आणि पुढे कोणाकडे जायचं हे त्यांना माहीत असतं.

पहिली टेस्ट कानाची. बाकी काही नंतर करा पण ही आधी. टाळी वाजवली नि मूल वळलं म्हणजे ऐकू येतं असं नाही, काही आवाज ऐकू येतात काही येत नाहीत अशी मुलं असतात आणि ती आपल्याला हट्टी वाटतात. ओएई नावाची टेस्ट थोड्या मिनिटांत होते, बेरा टेस्टला मूल झोपलेलं लागतं, त्यासाठी बहुतेक ठिकाणी झोपेचं औषध देतात. तेव्हा त्या दिवशी पहाटे लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, नाहीतर हॉस्पिटलला पोचल्यावर ते टक्क जागं राहतं नि सगळा दिवस फुकट जातो. मुंबईला जाणारच असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था कान आणि वाचेसाठी केंद्र सरकारची आहे. कानानंतर डोळे, मग रक्त, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. अंगात रक्त कमी असलेलं मूल चिडचिडं असतं, झोपत नाही, आणि आपण त्याला वागणुकीचा प्रश्न म्हणून बसतो.

मग वाढीची चाचणी. अडीच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी दासी नावाची भारतीय चाचणी आहे, ऑटिझमसाठी आयएसएए, रोजच्या जगण्यातलं काय काय जमतं त्यासाठी व्हीएसएमएस. ही नावं पाठ करायला सांगत नाहीये, पण रिपोर्टवर कुठली चाचणी केली आणि मूल कुठल्या वयाच्या पातळीवर आहे हे लिहिलेलं असायला हवं. नुसतं "मागे आहे, थेरपी सुरू करा" असा कागद घेऊन घरी येऊ नका, पुढे प्रत्येक ठिकाणी चाचणीचा रिपोर्टच मागतात.

देवळात कौल लावायचा तर लावा, गाऱ्हाणं घाला, दृष्ट काढा, मीही केलंय नि मनाला बळ मिळतं. त्यासाठी टेस्टची तारीख मात्र पुढे ढकलू नका.

कोण काय करतं

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सगळे ओटी म्हणतात, ते शरीर, हात, झोप, आवाजाचा-स्पर्शाचा त्रास, जेवणातले हट्ट ह्यावर काम करतात. स्पीचवाले बोलणं आणि समजणं, शब्द यायच्या आधीचं खुणा करणं नि बघणंसुद्धा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या करतात आणि नात्याचं, भीतीचं काम करतात. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन म्हणजे वाढीचा खास अभ्यास केलेले बालरोगतज्ज्ञ, ते सगळ्याची मोट बांधतात, पण आपल्या किनाऱ्यावर सहज सापडत नाहीत, त्यासाठी मुंबई, पुणे किंवा गोवा. मुंबईत परळचं वाडिया नि केईएम, आणि उम्मीद नावाची २००१ पासूनची संस्था फक्त मुलांच्या वाढीवरच काम करते. पुण्यातही केईएम हॉस्पिटलचं बालविकास केंद्र आहे.

शिक्षण तपासायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक ह्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते, त्याला आरसीआय नंबर म्हणतात, तो भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर असतो आणि परिषदेच्या वेबसाईटवर नाव टाकून बघता येतो. ओटीची नोंदणी वेगळी, महाराष्ट्राची ओटी-फिजिओची परिषद आहे तिथली. चार दिवसांचा ऑनलाईन कोर्स करून चाइल्ड थेरपिस्ट अशी पाटी लावणारे आता तालुक्याच्या गावातही दिसायला लागलेत. चांगला माणूस नंबर विचारल्यावर रागावत नाही, उलट दाखवतो.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

ह्याला वेळ द्या, बाकी कुठे घाई केलीत तरी चालेल.

सेशनला आम्ही आत बसू का, हा पहिला प्रश्न. मूल आमच्यासमोर करत नाही म्हणून पालक बाहेर, असं ऐकवणारी जागा आम्हीही बघितलीय. काही वेळा, मोठ्या मुलाला एकट्याने बोलायचं असतं तेव्हा, ते बरोबरही असतं. पण ज्या लहान मुलाचा मूळ प्रश्नच आपलं माणूस कोणतं हे न कळण्याचा आहे त्याला आणखी एका परक्या माणसाच्या ताब्यात देऊन आईला बाकड्यावर बसवायचं, ह्यातून काय साधणार? नात्यावर काम करणाऱ्या ज्या पद्धतींना अभ्यासाचा आधार आहे त्या बहुतेक सगळ्या मुलाला नि सांभाळणाऱ्याला एकत्र घेऊन चालतात. थेरपिस्ट तुम्हाला मुलाशी खेळायला लावतो, स्वतः बाजूला बसून बघतो, कधी व्हिडिओ काढून परत दाखवतो की बघा इथे त्याने तुमच्याकडे बघितलं आणि तुमचं लक्ष नव्हतं. सांभाळणारी आजी असेल तर आजीला न्या, आई मुंबईला आहे म्हणून आईच्या सुट्टीची वाट बघू नका.

दुसरं, संस्थेतून आलेल्या, आई गेलेल्या किंवा मार खाल्लेल्या मुलांबरोबर आधी काम केलंय का. नसेल केलं तरी चालेल, "नाही केलं पण शिकेन, वरिष्ठांना विचारेन" म्हणणारा माणूस मला आवडतो. "असं काही नसतं, शिस्त लावली की सगळं सरळ होतं" म्हणणारा नको.

तिसरं, मूल रडलं तर तुम्ही काय करता. ह्याचं उत्तर नीट ऐका. रडू दे, दमलं की गप्प बसेल, किंवा खुर्चीत दाबून बसवतो, किंवा आईने बघायचंच नाही, असं काही आलं तर फाईल उचला नि बाहेर पडा. अटॅचमेंटच्या नावाखाली मुलाला जबरदस्तीने धरून ठेवणं, गुंडाळून ठेवणं, मुद्दाम राग येईपर्यंत डिवचणं असले प्रकार परदेशात होऊन गेलेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २००० साली एक दत्तक घेतलेली दहा वर्षांची मुलगी अशाच "थेरपी"त चादरीत गुदमरून मेली. तिथल्या बाल संरक्षणातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये असल्या जबरदस्तीच्या पद्धती वापरू नयेत असं लेखी सांगितलं. मुलाला उपाशी ठेवून किंवा प्रेम रोखून धरून जवळ आणता येत नाही, ते आणखी लांब जातं. ऑटिझम बरा करतो म्हणून स्टेम सेलचं इंजेक्शन सांगणाऱ्यांपासूनही लांब राहा, तो ऑटिझमवरचा मान्य उपचार नाही आणि त्यापायी लोकांनी जमिनी विकल्यात.

चौथं, घरी काय करायचं ते लिहून देणार का. पाचवं, तीन महिन्यांनी काय बदल दिसायला हवा असं तुम्हाला वाटतं. ठराविक मुदतीत पूर्ण बरा करून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका, आणि काहीच न सांगता "चालू ठेवा" म्हणणाऱ्याकडेही फार दिवस थांबू नका.

अंतर, पाऊस आणि नेटवर्क

आमच्याकडे जमलेली पद्धत अशी की सविस्तर तपासणी एकदा मोठ्या ठिकाणी, रोजचं काम जवळ, आणि मोठ्या ठिकाणच्या माणसाशी महिन्या-दोन महिन्यांनी ऑनलाईन बोलणं. मुंबईला नंबर लागला की एकाच फेरीत डॉक्टर, चाचणी नि ओटी सगळं बसवून मागा, लांबून येतो सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. रात्रीच्या गाडीने नेऊन सकाळी सकाळी चाचणीला बसवू नका, अर्धवट झोपलेलं मूल काहीच दाखवत नाही, एक दिवस नातेवाईकांकडे राहा. आणि न्यायच्या आधी त्याला सांगा, भले त्याला शब्द कळोत न कळोत, आपण कुठे जातोय, कोण भेटणार, आणि आपण सगळे मिळून परत घरी येणार. एकदा घर बदललेल्या मुलाला बॅग भरलेली दिसली की वाटतं आता मला कुठेतरी ठेवून येणार.

ऑनलाईन सेशन मुलाने स्क्रीनसमोर बसायचं म्हणून नसतं, ते तुमच्यासाठी. फोन एका कोपऱ्यात टेकवून ठेवायचा, तुम्ही मुलाशी खेळायचं, थेरपिस्ट कानातल्या हेडफोनवर सांगत राहतो. आता आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही, रेंज गावात एकाच वळणावर मिळते, घाटात दरड आली की कोल्हापूरही लांब, तर पावसाळ्यासाठी वेगळं ठरवून ठेवा, व्हिडिओ काढून पाठवायचा नि साध्या फोनवर बोलायचं. मे महिन्यातच थेरपिस्टकडून चार महिन्यांचं घरचं काम लिहून घ्या.

अगदीच कोणी सापडत नसेल, किंवा तुमचंच मन खचलं असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, २०२२ पासून सुरू, मराठीत बोलतात, पैसे नाहीत. सांभाळणाऱ्या माणसासाठीही तो आहे, फक्त पेशंटसाठी नाही. मुलाला कोणी मारतंय, छळतंय असा संशय असेल तर १०९८, हा मुलांच्या मदतीचा चाइल्डलाईनचा फोन.

घरचं काम, म्हणजे खरी थेरपी

आठवड्यातून पाऊण तास थेरपिस्टचा, बाकी सगळे तास तुमचे. रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाच्या मनाने खेळणं, त्याने शंख-शिंपल्या ओळीत लावल्या तर तुम्हीही ओळीत लावायच्या, शिकवायचं नाही, हा रंग कुठला विचारायचं नाही. जेवण भरवणं, आंघोळ, झोपवणं ही तीन कामं काही महिने शक्यतो एकाच माणसाने करायची. हे घरात सांगायला अवघड जातं, मोठं घर असतं, प्रत्येकाला वाटतं आमच्याकडे दे. पण जे मूल सगळ्यांकडेच जातं, बाजारात मासे विकणाऱ्या मावशीच्याही मांडीवर जाऊन बसतं, ते गोड नि माणसाळलेलं आहे असं लोक म्हणतात आणि आपल्याला पोटात कालवतं, त्याला आधी एक घर, एक माणूस कळू द्या. घ्यायला येणाऱ्याला हसून सांगायचं, आता नको, त्याला माझ्याकडे द्या.

बाहेर जाताना चोरून निघू नका. रडेल म्हणून मागच्या दाराने जायची आपल्याकडे फार सवय. सांगून जायचं, रडलं तरी, आणि सांगितलं तेव्हाच परत यायचं. उशीखाली पोळी लपवत असेल, खिशात बिस्किटं कोंबत असेल तर ओरडायचं नाही, त्याच्या हाताला येईल असा एक डबा कायम भरलेला ठेवायचा, कोणी हिसकावणार नाही हे पटलं की हळूहळू कमी होतं.

गणपतीत आणि शिमग्यात जपा. घर चाकरमान्यांनी भरतं, भजनं, फटाके, ढोल, प्रत्येक जण गाल ओढणार, उचलणार, मग विसर्जन झालं की एका दिवसात घर रिकामं. आपल्यासाठी तो आनंद, पण ज्या मुलाच्या आयुष्यातली माणसं आधीच एकदा अशी गायब झालीत त्याला ते जड जातं. एक खोली शांत ठेवा, पाहुण्यांना आधीच फोनवर सांगा, आणि कोण कधी जाणार हे मुलाला रोज सांगत राहा. "घरात इलो मा, आता सगळा बरा होतला" असं मायेनेच म्हणतात आपली माणसं, त्यांच्याशी भांडू नका, त्यांना काम द्या. आजोबांना सांगा रोज संध्याकाळी ह्याच वेळी ह्यालाच घेऊन विहिरीपर्यंत फिरून यायचं. तेच वेळापत्रक, तीच वाट, मुलाला तेच हवं असतं.

कागद आणि पैसे

थोडक्यात सांगते. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, वाचा-भाषा असे येतात. नुसती अटॅचमेंटची अडचण त्यात वेगळी लिहिलेली नाही, म्हणून मुलाला वाढीतला जो उशीर आहे त्याचा कागद नीट बनवून घ्या. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज ऑनलाईन, तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर, आणि लहान वयात मिळतं ते सर्टिफिकेट बहुधा ठराविक मुदतीचं असतं, संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा, त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेपर्यंत बसतो, सगळी बिलं जपा. आई किंवा बाबा नाहीत, मूल नातेवाईकांकडे आहे, अशांनी बाल संगोपन योजनेसाठी, म्हणजे अशा मुलांना सांभाळायच्या सरकारी मदतीसाठी, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. शाळेत घालताना तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा, ते शाळेत येऊन बाईंना समजावतात, आपण सांगून जे होत नाही ते त्यांनी सांगून होतं.

तीन महिन्यांनी बघायचं काय

शब्द किती आले हे सगळे मोजतात. तुम्ही हेही बघा: पडल्यावर तुमच्याकडे येतं का, नवीन जागी गेल्यावर मागे वळून तुम्ही आहात ना हे बघतं का, काही नवं दिसलं की बोट करून तुम्हाला दाखवतं का, तुम्ही परत आल्यावर रागावून का होईना पण प्रतिक्रिया देतं का. पूर्वी कधीच न रडणारं मूल तुम्ही निघाल्यावर रडायला लागलं तर घरचे म्हणतील बिघडलं, ते उलट चांगलं चिन्ह असू शकतं, थेरपिस्टला सांगा. आधी येणारे शब्द किंवा खुणा जायला लागल्या, एकटक बघत राहून मध्येच हरवतं, झटक्यासारखं काही वाटतं, तर थेरपीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि थेरपिस्ट बदलायची वेळ आली, त्यांची बदली झाली किंवा तुम्हालाच पटत नाहीये, तर फोन करून उद्यापासून येणार नाही असं करू नका. एक शेवटची भेट मागा, त्यात मुलाला सांगायचं की ह्या ताई आता भेटणार नाहीत, जमलं तर ताईंबरोबर एक फोटो, आणि ताईंकडून आतापर्यंत काय काय केलं ह्याचा एक पानी रिपोर्ट पुढच्या माणसासाठी लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट.